झाकणबाई आणि मालकांची लाल गाडी

आमच्या पंपावर पहिल्यांदाच आलेला माणूस लांबूनही ओळखू यायचा. चार नंबरच्या मशीनपाशी तो गाडी लावायचा, खिडकीतून 'फुल्ल करा' म्हणायचा आणि मोबाइल बघत बसायचा. जरा वेळाने त्याच्या लक्षात यायचं की टाकीत अजून एक थेंब पडलेला नाही. आरशात बघावं तर एक ठेंगणी बाई त्याच्या टाकीचं झाकण उघडून, गळ्यातल्या दोरीचा चष्मा नाकावर चढवून, वाकून काहीतरी वाचते आहे. फडक्याने पुसते आहे आणि परत वाचते आहे. माणूस घाबरून खाली उतरायचा.

"काय झालं हो?"

"काही नाही. ही काय पिते ते बघत होते," बाई म्हणायच्या.

या आमच्या झाकणबाई. खरं नाव पगाराच्या कागदावर आहे आणि ते तिथेच सुखात आहे. त्यांच्यापासून वीस पावलांवर, पंपाच्या कोपऱ्यात, मी गाड्यांच्या चाकांत हवा भरतो. मला त्या 'हवाभाऊ' म्हणतात. मालक नुसतंच 'ए हवा' म्हणतात. एकोणीस वर्षं मी बाईंना वाकलेलं बघतोय, तेव्हा त्यांच्याविषयी चार शब्द सांगायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो. शेवटपर्यंत ऐकून तुम्हाला तो पटला नाही, तर मी वाद घालणार नाही.

पंपावर पेट्रोल दोन प्रकारचं. साधं एक्क्याण्णव ऑक्टेनचं आणि भारी अठ्ठ्याण्णवचं. कुठल्या गाडीला कुठलं लागतं हे गाडी बनवणाऱ्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकरवर छापून ठेवलेलं असतं. परीक्षेच्या पेपराच्या मागेच उत्तरं छापावीत, इतकी सोय. पण ते वाचेल तो गाडीवाला कसला! गाडीवाला मित्राला विचारतो, शेजाऱ्याला विचारतो, मोबाइलला विचारतो, मेव्हण्याला तर विचारायचीही गरज नसते, तो आपणहून सांगतो. झाकण मात्र कोणी उघडत नाही.

बाईंनाही ही सवय जन्मजात नव्हती. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी अंदाजाने एका डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलं होतं. गाडी फाटकाबाहेर जाऊन आचके देत बंद पडली. तेव्हा मोठे मालक होते, म्हणजे आताच्या मालकांचे वडील. ते ओरडले नाहीत, पगार कापला नाही. म्हणाले, "बाई, अंदाज करू नका. वाचत जा." बाईंनी कानाला खडा लावला. त्यानंतर बावीस वर्षांत त्यांच्या हातून एका गाडीत चुकीचं पेट्रोल गेलेलं नाही. घरी अंथरुणाला खिळलेले सासरे, शिकणारी मुलगी आणि त्यांचा एकटीचा पगार, पण बाई अभिमानाने सांगायच्या ते एवढंच: बावीस वर्षं, एकही चूक नाही.

माझं तसं नव्हतं. मी अंदाजाचा माणूस. लहान गाडी आली की चाकात तीस पौंड हवा, मोठी आली की पस्तीस, गिऱ्हाईक कटकटं दिसलं की तेहतीस. एकोणीस वर्षांत कोणी परत येऊन भांडलं नाही, म्हणजे माझं बरोबरच असणार.

मोठे मालक गेले आणि धाकटे मालक खुर्चीत बसले. त्यांच्या अंगात कल्पना फार. पहिली कल्पना म्हणजे अठ्ठ्याण्णव खपवायचं. त्यासाठी त्यांनी एक विक्रीगुरू आणला. गुरूंचे बूट टोकदार होते आणि आम्हाला ते 'कलाकार' म्हणायचे. पेट्रोल भरणारे ते 'इंधन कलाकार' आणि मी 'वायू कलाकार'. त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं करून एक वाक्य पाठ करून घेतलं. गाडी आली की खिडकीपाशी जायचं, पाठ ताठ ठेवायची, हसायचं आणि विचारायचं: "साहेब, आपल्या गाडीवर आपलं प्रेम आहे ना?" माणूस 'हो' म्हणाला की काही न विचारता अठ्ठ्याण्णवची नळी लावायची. चारचौघांत, बायको शेजारी बसलेली असताना, 'नाही' म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे, असं गुरूंचं संशोधन होतं.

संशोधन खरं ठरलं. आठवड्याभरात खटारा स्कूटरही अठ्ठ्याण्णव पिऊ लागल्या. गवत कापायच्या मशीनसाठी डबा घेऊन आलेला एक माळीही प्रेमाच्या आणाभाका घेऊन गेला. ऑफिसबाहेर फळा लागला. कोणी किती अठ्ठ्याण्णव विकलं ते रोज खडूने लिहायचं. फळ्यावर सर्वांत खाली, भोपळ्याला जेमतेम लाजवेल अशा आकड्यासह, झाकणबाई.

कारण बाई ते वाक्य म्हणायच्याच नाहीत. त्या आपल्या वाकायच्या, पुसायच्या, वाचायच्या. एकदा एक निवृत्त मास्तर आपली जुनी स्कूटर घेऊन आले आणि स्वतःच म्हणाले, "अठ्ठ्याण्णव टाका, हिला जरा ताकद येऊ दे."

"मास्तर, अठ्ठ्याण्णव म्हणजे ताकद नाही हो," बाई म्हणाल्या. "अठ्ठ्याण्णव म्हणजे दाब सोसायची तयारी. हिच्या इंजिनात दाबच नाही, तर सोसायचं काय? एक्क्याण्णव घ्या आणि उरल्या पैशांत ब्रेक नीट करून घ्या."

"मग ते अठ्ठ्याण्णव आहे तरी कुणासाठी?"

"टर्बोवाल्या गाड्यांसाठी. टर्बो इंजिनात हवा कोंबून भरतो. कोंबलेली हवा तापते. साधं पेट्रोल त्या तापाने ठिणगी पडायच्या आधीच पेटतं आणि इंजिन आतल्या आत ठोके खातं. अठ्ठ्याण्णव तेवढा दाब सहन करतं, ठिणगी पडेपर्यंत थांबतं."

मला हे लगेच पटलं. हवा कोंबली की तापते, हे मला कोणी शिकवायला नको. माझ्या कॉम्प्रेसरची टाकी दुपारपर्यंत हाताला चटका देते.

गुरू हे सगळं मागे उभं राहून ऐकत होते. संध्याकाळी मालकांनी बाईंना बोलावून सांगितलं, "बाई, पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत फळ्यावर वर आला नाहीत, तर चार नंबरला दुसरा माणूस उभा राहील. आणि तुम्ही घरी." बाई 'बरं' म्हणाल्या आणि बाहेर येऊन पुढच्या गाडीचं झाकण उघडलं.

याच सुमारास मालकांनी लाल गाडी घेतली. दोन दारांची, जमिनीला चिकटून चालणारी, टर्बो लावलेली स्पोर्ट्स कार. तिच्यात बसायला मालकांना आधी एक पाय, मग डोकं आणि मग बाकीचे मालक असे हप्त्याहप्त्याने आत जावं लागे. गुरूंनी संधी साधली. अठ्ठ्याण्णवची नळी गाडीत घालून हसणारे मालक, असा फोटो काढला आणि मोठ्ठं पोस्टर फाटकावर लावलं: 'मालकही हेच भरतात!'

फोटोपुरतीच नळी आत गेली होती. नळीचा घोडा कोणी दाबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, गिऱ्हाईक यायच्या आधी, मालकांनी गाडी मागच्या मशीनकडे नेली. पाळीवर बाई आणि मी, दोघंच. "बाई, एक्क्याण्णव टाका. फुल्ल."

बाईंनी झाकण उघडलं. नवं कोरं स्टिकर होतं, पुसायची गरज नव्हती, तरी पुसलं. "साहेब, हिला अठ्ठ्याण्णव लागतं. लिहिलंय इथे. कमीत कमी अठ्ठ्याण्णव."

मालक पोट धरून हसले. "कमाल आहे तुमची! लोकांना एक्क्याण्णव पाजता आणि माझ्याच गाडीला अठ्ठ्याण्णव? अहो, ते स्टिकर गाडीच्या कंपनीने लावलंय, पोस्टर आपण लावलंय. दोन्ही नुसती जाहिरात. मी या धंद्यात जन्मलोय, मला शिकवता?"

"साहेब, लोकांच्या गाड्यांना ते नको असतं. हिला हवंय."

"टाका हो."

मी वीस पावलांवर होतो, शब्द न् शब्द ऐकला. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. सगळ्या पंपावर अठ्ठ्याण्णववर खराखुरा विश्वास असलेली व्यक्ती एकच होती, आणि तिलाच ते खपवता येत नाही म्हणून घरी पाठवणार होते. मालकांनी ते खोटं बोलून इतक्या लोकांच्या गळ्यात मारलं होतं, की ते कुठेतरी खरंही असू शकतं हे त्यांच्या डोक्यातूनच गेलं होतं.

बाईंनी नळी त्यांच्याकडे धरली. "मग तुम्हीच भरा साहेब. माझ्या हाताने नाही." मालकांनी रागारागाने स्वतः भरलं आणि बुटावर सांडलं. नंतरच्या तीन आठवड्यांत, दर दोन-तीन दिवसांनी, हेच झालं. डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागला, तर मालक म्हणाले नव्या गाडीचे नखरे असतात.

पुढचं मला पाण्याच्या टँकरवाल्याने सांगितलं. माझ्याकडे हवा भरताना त्याला हसू आवरत नव्हतं. मालक गुरूंना शेजारी बसवून टेकडीच्या चढावर गाडीची ऐट दाखवायला निघाले होते. भर दुपार, कडक ऊन आणि तळाला टेकेपर्यंत दाबलेलं पेडल. अर्ध्या चढावर गाडी आतून खिळे ठोकल्यासारखी वाजू लागली, मग गुदमरली. "मी भरलेला टँकर घेऊन त्यांच्या बाजूने पुढे गेलो," टँकरवाला म्हणाला. "आरशात बघितलं तर ते टोकदार बुटांचे साहेब गाडी ढकलत होते."

सर्व्हिस सेंटरने इंजिन उघडलं. पिस्टनचा टवका उडालेला. तिथल्या मुख्य मेकॅनिकने टाकीतलं पेट्रोल तपासायला पाठवलं आणि मालकांपुढे फॉर्म ठेवला: कुठलं इंधन, कुठल्या पंपावरून? मालकांनी सवयीने छाती फुगवून लिहिलं: 'अठ्ठ्याण्णव, माझ्या स्वतःच्या पंपावरचं'. दोन दिवसांनी तपासणीचा कागद आला. टाकीत एक्क्याण्णव.

आता मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. लिहिलेलं खरं धरावं, तर आमचा पंप अठ्ठ्याण्णवच्या नावाखाली एक्क्याण्णव विकतो असं होतं, आणि पंपाला टाळं लागलं असतं. खोटं होतं म्हणावं, तर वॉरंटी गेली, आणि फाटकावरच्या पोस्टरातले मालक हसत हसत खोटं बोलतात हे जगजाहीर झालं असतं. गुरूंनी बराच विचार करून तिसरी वाट काढली. चूक करायला कोणीतरी कर्मचारी असतोच.

मला ऑफिसात आधी बोलावलं. "ए हवा, इथे सही कर. साक्षीदार म्हणून. वाचायची गरज नाही, नेहमीचं आहे."

नेहमीचं काहीच नव्हतं. एकोणीस वर्षांत मी साक्षीदार कधीच नव्हतो. पण माझा कोपरा, माझा कॉम्प्रेसर, सगळं मालकांच्या मेहेरबानीवर. मालक नजर रोखून बघत होते, गुरू पेनाचं टोपण काढून उभे होते. मी सही केली. दाब पडला आणि ठिणगीची वाटही बघितली नाही. मी एक्क्याण्णवचा निघालो.

मग बाई आल्या. मी दाराशी उभा. मालक फार गोड बोलले. "बाई, एक छोटीशी सही हवी आहे. तुमची नोकरी पक्की. फळ्यावरचं तुमचं नाव मी स्वतः वर नेतो."

बाईंनी चष्मा चढवला. कागद हातात घेऊन झाकण वाचतात त्याच आवाजात मोठ्याने वाचू लागल्या. "मी खाली सही करणार, पेट्रोल भरणारी कर्मचारी, निष्काळजीपणाने मालकांच्या गाडीत अठ्ठ्याण्णवऐवजी एक्क्याण्णव भरले. माझी ही चूक हवा भरणाऱ्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली." त्या थांबल्या. खाली माझी सही दिसली असावी. मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हवाभाऊ, हे वाचलंत तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो. लाजेने माझे कान तापले होते.

"मग वाचा."

त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि मालकांकडे वळल्या. "साहेब, पहिल्या महिन्यात मी चूक केली होती. ती माझी होती, मोठ्या साहेबांसमोर कबूल केली. ही माझी नाही. न केलेली चूक मी लिहून दिली, तर उद्या कुणाच्या गाडीपाशी वाकून वाचायला तोंड राहील का मला? महिनाअखेरपर्यंत येते मी. मग तुम्ही म्हणाल तसं." बोलताना त्यांचा आवाज कापत होता, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या गेल्या.

मी कागद वाचला. 'स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली' इथपर्यंत आलो आणि पुढे जाईना. मला तो सकाळचा सहाचा उजेड आठवला, नळी पुढे करणाऱ्या बाई आठवल्या. मी गुरूंकडे पेन मागितलं. त्यांना वाटलं, तारीख घालायची राहिली असेल. मी माझ्या सहीवर काट मारली, मग आणखी एक, मग कागद फाटेपर्यंत मारत राहिलो.

"तुलाही घरी जायचंय का?" मालक ओरडले.

"जाईन," मी म्हणालो. फार शूर वाटलं असं नाही. घरी काय सांगायचं याचा हिशेब डोक्यात सुरू होता. पण सही केल्यापासून छातीवर जे बसलं होतं, ते उतरलं.

शेवटी फॉर्मवर मालकांनाच लिहावं लागलं: 'एक्क्याण्णव, मी स्वतः भरलं'. फाटकावरचं पोस्टर उतरलं. गुरू जाता जाता सुचवून गेले की याला चूक न म्हणता 'मालकांनी ग्राहकांच्या भल्यासाठी स्वतःच्या गाडीवर केलेला प्रयोग' म्हणावं. मालकांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यानंतर ते टोकदार बूट पंपावर दिसले नाहीत. फळा मात्र होता तसाच होता, आणि बाई सर्वांत खालीच. आमच्या दोघांच्या नोकरीबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं. विचारायची माझी छाती नव्हती आणि बाईंचा स्वभाव नव्हता. एकदा फक्त त्यांनी चार नंबरवरचं फडकं धुऊन, घडी घालून पिशवीत ठेवलेलं मी बघितलं. मला रडू आवरलं नाही, मी कॉम्प्रेसरमागे जाऊन डोळे पुसले.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. दुपारी चारला नवं इंजिन घातलेली लाल गाडी फाटकातून आत शिरली. मागच्या मशीनकडे वळली नाही. चार नंबरच्या रांगेत उभी राहिली, पुढे दोन गाड्या, मागे मास्तरांची स्कूटर. मालक मुकाट्याने थांबून होते. सगळा पंप हातातलं काम सोडून बघत होता.

नंबर आला. मालकांनी काच खाली केली आणि समोर बघत राहिले. बाईंनी झाकण उघडलं. पिशवीतून फडकं काढून स्टिकर पुसलं, चष्मा चढवला, वाकल्या. "अठ्ठ्याण्णव," त्या म्हणाल्या. मशीनवरून अठ्ठ्याण्णवची नळी काढली, पण टाकीत घातली नाही. ती हातात धरूनच त्या खिडकीपाशी आल्या. पाठ ताठ केली. हसल्या. आणि पाठ करून घेतलेलं, पण आजवर एकदाही न म्हटलेलं ते वाक्य त्यांनी स्वच्छ आवाजात म्हटलं:

"साहेब, आपल्या गाडीवर आपलं प्रेम आहे ना?"

मास्तर स्कूटरवरून पडता पडता राहिले. रांगेत खसखस पिकली. मालकांचा चेहरा गाडीच्या रंगाचा झाला.

"आहे, बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "फुल्ल करा."

बाईंनी नळी लावली. आकडे पळू लागले. टाकी भरली. मग मालक आरशात बघून म्हणाले, "उद्या सकाळची पाळी आहे तुमची. फळा काढायला सांगतो." माझ्याकडे त्यांनी नुसती मान वळवली. 'ए हवा' सुद्धा म्हणाले नाहीत, ते मी होकार म्हणून घेतलं.

बाईंनी झाकण लावलं. नळी जागेवर अडकवली आणि मला हाक मारली. "हवाभाऊ, साहेबांच्या चाकांतली हवा बघा जरा."

मी नळी ओढत गेलो. लहान गाडी, म्हणजे तीस, असं म्हणत पहिल्या चाकापाशी बसणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, "किती भरायची ते दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेलं असतं. माहीत आहे ना?"

एकोणीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं. मी मालकांना दार उघडायला सांगितलं, बाईंकडून चष्मा मागून घेतला आणि वाकून वाचलं.